सब्टल

७ जुलै
श्रावणीला सातवीत इंग्रजीच्या नव्या मॅडम आल्या. सोमवारी वीस अवघड शब्द देतात, शनिवारी तोंडी घेतात. चारला पोरगी आली की चहा, मग शब्द. मी विचारते, ती अर्थ सांगते. रिलक्टंट म्हणजे नाखूश. ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी. "म्हणजे बाबा," म्हणाली. दोघी हसलो. माझं शिक्षण मराठीतून, दहावीपर्यंत. पण शब्द मलाही आवडून राह्यले. माझी वेगळी वही केली.

१२ जुलै
वीसपैकी एकोणीस. शब्दांच्या स्पर्धेला वर्गातून तीन मुलं निवडणार आहेत. श्रा.चं नाव येईल असं वाटते. ह्यांना सांगितलं. "बरं," म्हणाले.

१९ जुलै
आली ती दप्तर टाकून आतच गेली. जेवली नाही. खूप विचारल्यावर बोलली. यादीत एक शब्द होता, सटल. सहज लक्षात न येणारं, असा अर्थ. त्यात 'बी' अक्षर लिहितात पण म्हणत नाहीत. मला कुठलं ठाऊक. पाच दिवस मीच तिच्याकडून सब्टल, सब्टल घोकून घेतलं. तिनं वर्गात तसंच मोठ्यानं म्हटलं. मॅडमनी विचारलं, कोणी शिकवलं? "आईनं." मग आणखी हसले सारे.
संध्याकाळी ह्यांच्या मोबाइलवर ऐकला. 'बी' खरंच नाही. आधीच ऐकला असता तर

२३ जुलै
ऑटोतल्या मुली तिला सब्टल म्हणतात. नाव नाहीच घेत.

२५ जुलै
शाळेत गेले. मॅडमना सांगितलं, चूक पोरीची नाही, माझी आहे. चांगल्या बोलल्या. "अहो ताई, एवढं काय त्यात." बरं वाटलं. घरी पिपरीपर्यंत पायीच आले.

२६ जुलै
मॅडमनी सगळ्या वर्गासमोर दम दिला म्हणे, की तिची आई येऊन गेली, आता कोणी चिडवायचं नाही. आता माझंही नाव पडलं, सब्टल आंटी.
आल्याआल्या श्रा. म्हणाली, "तू काऊन गेली शाळेत? तुले कोणी बोलावलं होतं?"
जायला नको होतं.

४ ऑगस्ट
तिघांची नावं लागली. श्रा. नाही. नाव द्यायला हातच वर केला नाही तिनं. हे तिनं नाही सांगितलं, शेजारच्या पूर्वाकडून कळलं.

११ ऑगस्ट
बोरगावला ट्यूशन लावून मागितली, स्वतःहून. लावली. चारचा चहा एकटीच घेते आता.
आज यादी दिसली म्हणून हातात घेतली. तिनं हळूच काढून घेतली. "तू नको वाचू, आई." आवाजात राग नव्हता. राग असता तर मीही काही बोलले असते.

२२ ऑगस्ट
शाळेत पालकसभा. "बाबाले पाठव," म्हणाली. हे अर्धी सुट्टी टाकून गेले. येऊन सांगतात, लेखीत मार्क पूर्ण, पण वर्गात तोंड उघडत नाही. मराठीच्या तासालाही नाही.
"शांत झाली पोरगी. चांगलं हाय की," हे म्हणाले.
मी भाजी चिरत होते. चिरतच राहिले.

६ सप्टेंबर
तोंडी परीक्षेची तारीख आली. तेव्हापासून रोज सकाळी पोट दुखते. डॉक्टर म्हणाले, काही नाही, पोटात काही नाही.
घरातही लागेल तेवढंच बोलते. पाणी. वही. येते.

१३ सप्टेंबर
तोंडी परवा.
दुपारी वेणी घालून देत होते. पाठमोरी होती, म्हणूनच बोलली असावी.
"आई, मी आजीकडं राहू काय? आंजीच्या शाळेत जाईन."
माझं माहेर. तिथं दोन दिवस राहायलाही कंटाळते ही.
म्हटलं, "तिथल्या शाळेत इंग्रजी एवढं नसते, बाई."
"म्हणूनच म्हणून राह्यली."
वेणी झाली होती. मी सोडून पुन्हा घालायला घेतली. ती तशीच बसून राहिली.
ह्यांना अजून सांगितलं नाही. आईलाही फोन केला नाही. पोरगी आत पलंगावर आहे, उत्तर मागत नाही.