जाकिटाविषयी या पत्रात काही नाही

तीर्थरूप आत्या,

दोन्ही पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (एरवी एकाच पायावर भागवलं असतं, पण मागच्या खेपेला मी रागाने न सांगता निघून आलो, त्याची भरपाई यातच धरावी.) तुझा गुडघा कसा आहे? होडीच्या डाव्या फळीतून पाणी झिरपत होतं ते थांबलं का? शेळी व्याली का? मी इथे खुशाल आहे. दोन वेळा जेवतो, रोज आंघोळ करतो. त्यातली एक आंघोळ गेल्या आठवड्यात जरा जास्तच झाली, ते पुढे येईलच.

मी चक्क पत्र लिहितोय याचं तुला नवल वाटेल. सातवीत शाळा सुटल्यापासून एवढं सलग मी काही लिहिलेलं नाही. पण फोनवर जाकीट हा शब्द निघाला की तू "आवाज येत नाही" म्हणून फोन ठेवतेस. हे पत्र मास्तरीणबाई शाळेला जाताना तुझ्याच होडीत वाचून दाखवतील, म्हणजे हातात वल्हं असताना तुला मधूनच उठून जाता येणार नाही. (बाई, जरा मोठ्याने वाचा. तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं आणि ते ती कबूल करत नाही.) तरी निर्धास्त ऐक. चाळीस वर्षं होडी हाकणारीने छातीला फुगे बांधले तर उतारू म्हणतील, आता हिलाच पाण्याची भीती वाटायला लागली, असं तू मला तोंडावर सांगितलंस. तेव्हा मी दिलेलं तरंगायचं जाकीट तू घालणार नाहीस आणि मीही त्याबद्दल अवाक्षर काढणार नाही. विषय मिटला.

माझ्या कामाचं सांगतो. टायरच्या दुकानात मी तीन महिने टिकलो, रंगाऱ्याकडे दोन, बेकरीत तर अकरा दिवस (मैद्याने शिंका येतात, त्यात माझा काय दोष). या संस्थेत मात्र आठ महिने झाले, कारण इथे रोज नवं गाव असतं आणि एका जागी बसावं लागत नाही. आम्ही जीपमध्ये भोंगा, जाकिटांचा गठ्ठा आणि लाल रंगाचा डबा घालून नदीकाठची गावं फिरतो. भोंग्यावर मी सांगतो की माणसं आणि गुरं एका फेरीत घेऊ नका, आणि वरच्या गावातून पाणी सुटल्याचा फोन आला की आभाळाकडे न बघता होडी बांधा. मग होडीच्या अंगावर बाहेरून लाल पट्टी ओढतो. पाणी पट्टीला टेकलं की उतारू घेणं बंद. वाटतं ना सोपं? पहिल्याच गावात महिन्याने परत गेलो तर सगळ्या पट्ट्या वीतभर वर सरकलेल्या. विचारलं, तर म्हणे खालची पट्टी सारखी भिजून खराब होत होती. आणि जाकिटं एकाच्याही अंगावर नाहीत. सगळी घरात, पेटीत घड्या घालून, वर डांबराच्या गोळ्या. एवढी नवीकोरी वस्तू पाण्यात कशाला न्यायची, असा त्यांचा सवाल. आमच्या मॅडम दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

आता ज्या गावात आहोत तिथे सतरा होड्या आहेत आणि सतरा जण एकाच म्हाताऱ्याचं ऐकतात. त्याला सगळे कप्तान म्हणतात. वयाने तुझ्याएवढा, तोंडाने तुझ्यापेक्षा थोडा बरा. धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सभा भरली, मी भोंगा हातात घेतला, तर पुढच्या बाकावरून हा विचारतो, "पोहता येतं का रे तुला?" मी म्हटलं, नाही. (तू शिकवायला बोलवायचीस तेव्हा मी पळून जायचो, हे सभेत कशाला सांगा.) "म्हणजे आम्हाला पाणी शिकवायला हा कोरडा आलाय," असं तो म्हणाला आणि शेड हसून हसून खाली यायची बाकी राहिली.

मला चेव आला. मी जाकीट चढवलं, त्याच्याच होडीच्या टोकावर उभा राहिलो आणि बघा म्हणत उडी मारली. जाकिटाला तीन पट्टे असतात. त्यातला पायांमधून घ्यायचा पट्टा मी घाईत तसाच लोंबता ठेवला होता. त्यामुळे मी पाण्यात गेलो आणि जाकीट माझ्या कानांवर आलं. हात वर, तोंड आत, डोळ्यांपुढे नारंगी अंधार, अशा अवस्थेत मी धारेला लागलो. काठावरच्या लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी फोटो काढले. खालच्या वळणावर धुणं धुणाऱ्या बायकांपाशी मी पोचलो तेव्हा त्या जरा बाजूला सरकल्या, जाणाऱ्याला वाट द्यावी तशा. मला भीती वगैरे वाटली नाही. शेवटी कप्तानने होडी घालून, वल्ह्याचं टोक जाकिटात अडकवून मला वर घेतलं.

वर घेतल्यावर तो रागावला नाही. आधी तो पट्टा हातात धरून नीट बघत बसला. म्हणाला, "पोहता येत नाही, बांधलंय चुकीचं, तरी बुडाला नाहीस." मग मला धक्क्याच्या लाकडी खांबापाशी नेलं. त्यावर त्याने दर वर्षीच्या पाण्याच्या खुणा कोरल्या आहेत आणि शेजारी महिन्याची खूण. वीस-बावीस वर्षं ओळीने एका महिन्यातल्या. मग गेल्या पाच-सहा वर्षांच्या कशाही, कुठेही. होड्या उलट्या घालून डांबर लावायचे ते भर उन्हाळ्याचे दिवस, त्या दिवसांतसुद्धा एक. त्या वेळी इथे आभाळ स्वच्छ होतं. पाऊस वरती कुठेतरी महिन्याभराचा दोन तासांत पडून गेला होता. त्या पाण्यात त्याच्या मेहुण्याची होडी गेली. "मी आभाळ बघून त्याला होडी सोड म्हणालो होतो," एवढंच बोलला. मग मी म्हटलं, माझ्या आत्याच्या होडीचंही डांबर यंदा वाळायच्या आत भिजलं. म्हणून त्याने तुझी चौकशी केली आणि मी तुझ्याबद्दल सगळं चांगलंच सांगितलं.

बाकी ठीक. गुडघ्याला शेक घेत जा. मास्तरीणबाईंना नमस्कार आणि होडीतल्या शाळेच्या पोरांना एवढा वेळ गप्प बसल्याबद्दल शाबासकी.

तुझा भाचा

ता.क. तुझ्याबद्दल काय सांगितलं ते लिहायचं राहिलं. कप्तानने विचारलं, चाळीस वर्षं होडी हाकणारी तुझी आत्या, ती हे घालते का? मी कुडकुडत होतो, तोंडून हो निघून गेलं. वर, झोपताना तेवढं काढते, असंही निघालं. आता तो म्हणतो, फोटो दाखव, तिने घातलं असेल तर मी घालतो. आणि त्याने घातलं तर सतरा होड्या घालतील. रोज सकाळी विचारतो, आला का फोटो. तांदळाच्या डब्यामागे खुपसून ठेवलंयस ते, मी निघायच्या आधी बघितलं होतं. बाई, तुमच्या फोनवर एक फोटो काढून पाठवा. पायांमधला पट्टा आवळायला लावा.

ता.क. दुसरा. भीती वाटली नाही असं वर लिहिलंय, ते खोडायचं राहून गेलं. जाकीट कानावर आलं तेव्हा मी जोरात ओरडलो, आणि कप्तान म्हणतो ते "आत्या" असं होतं. पण तू मला काढावंस म्हणून नाही ओरडलो. मला तू दिसलीस. भर नदीत, पाठ धारेच्या वरच्या अंगाला, आभाळ स्वच्छ, आणि मागून पाणी येतंय ते तुला ऐकू येत नाही.

ता.क. तिसरा. फोटो नाही निघाला तरी चालेल. कप्तानला काय सांगायचं ते माझं मी बघून घेईन. तू फक्त घाल.