विलासचा पाळणा

वाशी, शुक्रवार, १४ ऑक्टोबर १९८८

विलास म्हात्रे जाऊन चार महिने झाले. रविवारी त्याच्या मुलीचे बारसे. होणाऱ्या बाळासाठी रचलेला पाळणा त्याने आमच्या कार्यालयाच्या संगणकावरच टंकून ठेवला होता. आज त्याची बहीण सुनंदा तो मागायला आली. त्याच्या फाइली यंत्रावरून तेव्हाच काढून टाकल्या होत्या, म्हणून फाइलींच्या प्रती ठेवलेली जुनी टेप लावली. ‘पाळणा’ नावाची डिरेक्टरी पडद्यावर आली आणि तिचा चेहरा उजळला. आत मात्र एकही फाइल नव्हती.

मी शिकवायच्या सवयीने फळ्याशी गेलो. काढून टाकलेल्या फाइलची प्रत आपण टेपवर तीन महिनेच राखतो. डिरेक्टरीची मात्र कायम, कारण ती नसेल तर परत आणलेल्या फाइली ठेवायच्या कुठे? किती सुरेख नियम! दोन आकृत्या काढून समजावला. सुनंदाकडे एकदा तरी का पाहिले नाही? पडद्यावर ते नाव तसेच होते.

“म्हंजे नाव ऱ्हायलं नि पालना गेला?”

“अगदी बरोबर!” मी म्हणालो. वर्गात म्हणतो तसे.

“समजलं, सर. पन वयनी वाट बघतेय. रविवारी आमी गायचं काय?”

मी खडू खाली ठेवला.