चाचणीआधीचा प्रश्न

प्रिय ढब्बू,

कागदावर पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. तू मेल उघडत नाहीस, फोन उचलत नाहीस, आणि तुझ्या शेजारच्या काकू सांगतात की स्वारी ठणठणीत आहे, जिन्यात भेटली की हसतेसुद्धा. म्हणजे रुसवा फक्त माझ्यावर आणि कॉम्प्युटरवर! 'ताई, कामातून माझं नाव काढून टाक, माझ्याच्याने आता होणार नाही,' एवढं लिहून गडप झालास. असं कोणी जातं का रे? इतकी वर्षं एका टेबलाशी बसून आपण ते कॉम्प्युटरचं टूल उभं केलं. तुझी खुर्ची अजून तिथेच आहे, मी तिच्यावर फक्त धुतलेले कपडे टाकते.

इकडची खबर अशी, की टूलची नवी आवृत्ती अडकली आहे आणि ती अडकवलीय तुझ्याच स्क्रिप्टने. टूल जगाची रोजची कंटाळवाणी कामं आपोआप करतं, मग टूलवर राबणाऱ्यांची कंटाळवाणी कामं कोण करणार, असं कुरकुरत तू त्या छोट्या स्क्रिप्ट, मशीनने ओळीने पाळायच्या हुकमांच्या याद्या, लिहिल्यास. एक नव्या माणसाचं मशीन तयार करून देते, एक टूल नीट चालतंय का याच्या चाचण्या चालवते, एक मागचा पसारा आवरते. (घरातला पसारा आवरणारी काही तुला जमली नाही.) आणि चाचण्यांच्या स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच तो प्रश्न: जेवलीस का? 'हो' लिहिलं तरच गाडी पुढे. कारण आई आतून हाका मारून थकायची आणि मी 'आले, आले' म्हणत कीबोर्डला चिकटलेली. शेवटी तिनेच तुला सांगितलं, माझं तर ही ऐकत नाही, तुझ्या त्या डब्याला विचारायला लाव.

टूल सगळ्यांसाठी खुलं, कोणीही घ्यावं, कोणीही सुधारावं, त्यामुळे प्रश्नही जगभर गेला. मदतीला येणारा प्रत्येक जण आपल्या भाषेतला एवढा 'हो' तरी शिकलाय. ते लांबच्या देशातले दाढीवाले गृहस्थ आठवतात ना? त्यांनाही बिचाऱ्यांना 'जेवलीस का' असंच विचारलं जातं, आणि ते इमानदारीत उत्तर देतात.

तर झालं काय, तू गेल्यावर मी चाचण्या एका वेगळ्या मशीनवर आपोआप चालतील अशी सोय केली. तिथे माणूसच नाही. मशीन तुझ्या प्रश्नापाशी आलं आणि दिवसभर उत्तराची वाट बघत बसलं! मी कपाळावर हात मारला, मग इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी मग थांबेचना. मदत करणाऱ्यांपैकी एकाने लिहून सुचवलं, तो प्रश्नच काढून टाका. चुकीचं नव्हतं त्याचं. पण दाढीवाल्यांनी खाली लिहिलं, मी एकटा राहतो, मला हे विचारणारं दुसरं कोणी नाही, राहू द्या.

म्हणून मी मधला मार्ग काढला. समोर माणूस नसेल तर प्रश्न गाळायचा, असेल तर विचारायचाच. वरच्या दोन ओळींचा बदल, बस. पण तुझ्या स्क्रिप्टमधलं काहीही तुझ्या मंजुरीशिवाय बदलत नाही, हा नियम तुझाच. मी हात लावला की वाट लागते म्हणे. आणि तुझं नाव मी काढलेलं नाही. काढणारही नाही, काय करायचं ते कर.

तुला तो प्रश्न बघवत नाही, हे कळतं रे मला. आई गेल्यावर तू पहिल्यांदा चाचण्या लावल्यास, तेव्हा मी शेजारीच होते. पडद्यावर तो प्रश्न आला, तू हात मागे घेतलास, उठून चपला घातल्यास आणि गेलास. मला राग नाही आला. उलट हेवा वाटला, तुला निदान उठता तरी आलं.

खरं सांगू? मंजुरी तू घरबसल्याही देशील, त्यासाठी हे पत्र नाही. आई गेल्यापासून मी रोज त्या स्क्रिप्टशी खोटं बोलतेय. सकाळी चहा, दुपारी पुन्हा चहा, आणि खुशाल 'हो'. स्क्रिप्टला काय कळतंय! आई तोंड बघून ओळखायची. काल मात्र बोटांना 'हो' लिहवेना. आयुष्यात पहिल्यांदा मी 'नाही' लिहिलं. पडद्यावर आलं, 'वाटलंच मला.' आणि त्याखाली, आधी एकदा जरी खरं बोलले असते तर कधीच दिसलं असतं असं, तू लिहून ठेवलेलं: 'थांब, मी वाढतो.' ढब्बू, मी थांबलेय. रविवारी ये. स्वयंपाक मी करते, भाजी खारट झाली तर तोंड वाकडं करायचं नाही. वाढायचं मात्र तू. फार भूक लागलीय रे.

तुझीच,
ताई