छत्तीस पौंडांची आई

ता. ३ नोव्हेंबर

चि. टिल्लू यास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सहा फूट वाढलास तरी पाकिटावर सोडून दुसरीकडे कुठेही तुझं मोठं नाव मी लिहिणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. आता नीट बसून घे आणि मग पुढे वाच. तुझी आई हॉलच्या संघात आली!

निवृत्त झाल्यावर घरात बसून गंज चढायला नको म्हणून गोदामावरच्या त्या लांबट हॉलमध्ये तिरंदाजी शिकायला जायला लागले, तेव्हा तुम्ही दोघं बापलेक किती हसला होतात! आता बघा. जानेवारीत दुसऱ्या हॉलशी सामना आहे. बायकांच्या संघात तिघीच. एक दाताची डॉक्टरीण, एक बँकेतली आणि तिसरी मी, वय वर्षं एकसष्ट. वॉर्डात इतकी वर्षं पेशंट उचलले, ते हात काय फुकट गेले होय? आमची शिकवणारी मुलगी (गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे शिट्टीबाई म्हणतात) मात्र कडक आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती पुन्हा सगळ्यांचे गुण बघणार आणि मगच नावं पक्की करणार. ब्युटीपार्लरवाली माझ्या जागेवर डोळा ठेवून बसली आहे. ती जागा गेली तर मी त्या हॉलचा जिना पुन्हा चढणार नाही.

हॉलचे बाण म्हणजे सार्वजनिक माल, कोंबड्यांच्या भांडणातून आल्यासारखी त्यांची पिसं. तू दुकानात बसून अख्ख्या जगाला बाण बनवून देतोस. आईचा नंबर कधी लागणार?

तुझे बाबा बरे आहेत. हॉलमध्ये बाकावर बसून शब्दकोडं सोडवतात आणि मी नेम धरला की श्वास रोखतात. एक दिवस गुदमरतील.

लोभ आहे तो कमी करू नकोस, आणि उत्तर लगेच धाड.

तुझी आई


ता. १२ नोव्हेंबर

ती. आईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून दुकानात अक्षरशः ओरडलो. मालकांना वाटलं करवतीत बोट गेलं. कारण कळल्यावर त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

बाण मीच बनवणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. बंद हॉलमध्ये अंतर थोडं आणि वारा नाही, म्हणून तिथे बाण जाड घ्यायचे. दोन गोलांमधल्या रेषेला बाण नुसता शिवला तरी आतल्या गोलाचे, म्हणजे वरचे गुण मिळतात. जाड बाण ती रेष गाठतो, बारीक बाण अलीकडे राहतो. मागे प्लॅस्टिक नको, मोठी खरी पिसं लावू, म्हणजे बाण चटकन सरळ होतो.

मला फक्त दोन गोष्टी कळव. पहिली, दोरी हनुवटीपर्यंत ओढल्यावर बाण किती लांब लागतो ते. बाबांना टेप घेऊन उभं कर. दुसरी, तुझं धनुष्य किती पौंडांचं आहे, म्हणजे दोरी ओढायला किती जोर लागतो ते. हे मात्र अगदी खरं सांग. बाण सुटताना किंचित लवतो आणि धनुष्याच्या कडेने वळून पुढे जातो. धनुष्य हलकं आणि बाण कडक असला तर तो लवतच नाही. मग शेपूट घासतं आणि बाण डावीकडे पळतो. वजनाच्या काट्यावर उभं न राहता अंदाजे वजन सांगणाऱ्या पेशंटवर तू किती चिडायचीस, ते आठव.

बाबांना नमस्कार आणि श्वास सोडायची आठवण. दोघांची माया अशीच असू दे.

तुझा टिल्लू


ता. २० नोव्हेंबर

चि. टिल्लू यास आशीर्वाद.

अगदी खरं सांग म्हणे! आईला शिकवतोस? लांबीचं माप सोबतच्या चिठ्ठीवर आहे. बाबांनी तीन वेळा मोजलं आणि तिन्ही वेळा माझ्या नाकाला टेप लावली.

आणि पौंड म्हणशील तर छत्तीस. झालं समाधान? आता तुझ्या दुकानातल्या त्या दंड फुगवून हिंडणाऱ्या पोरांना सांग. हे लिहिताना तुझे बाबा शेजारी बसून फार खोकत होते. त्यांना सर्दी झाली आहे.

बाण सुंदर झाले पाहिजेत. जीव लावून कर, जीव आहेच माझा तुझ्यात.

आई


ता. ५ डिसेंबर

ती. आईस, सा. न. वि. वि.

छत्तीस! मी पत्र दोनदा वाचलं आणि मग मालकांना वाचायला दिलं. बायकाच काय, आमच्याकडचे निम्मे पुरुष तेवढं ओढत नाहीत.

बाण आज पाठवले. ॲल्युमिनियमच्या सगळ्यात जाड आणि कडक नळ्या निवडल्या, छत्तीसला त्याच लागतात. कापल्या मी, घासल्या मी, पिसं मी चिकटवली, दोन पिवळी आणि एक जांभळं. एकाचं पीस केसभर तिरकं बसलं होतं, ते सगळं खरवडून पुन्हा लावलं. माझ्या हातून बाण चुकीचा गेला असं आजवर झालेलं नाही, आईच्या बाबतीत तर होणंच शक्य नाही.

आणखी एक. तू पाठवलेला धनुष्य घेतलेला फोटो मी काउंटरच्या मागे लावला आहे. खाली वय एकसष्ट आणि छत्तीस पौंड असं लिहिलं आहे. काल एक आडदांड गिऱ्हाईक चौतीसच्या धनुष्याला जड जड म्हणून कुरकुरत होतं. मी नुसतं फोटोकडे बोट केलं. त्याने गुपचूप तेच घेतलं.

आई, तोंडावर मी हे कधी म्हणालो नसतो, म्हणून पत्रात लिहितो. मला तुझा फार अभिमान वाटतो.

आशीर्वादाचा हात डोक्यावर राहू दे.

टिल्लू


ता. १७ डिसेंबर

चि. टिल्लू यास अनेक आशीर्वाद.

बाण पोचले. काय देखणे आहेत रे! हॉलमध्ये घोळकाच जमला. डॉक्टरीणबाईंनी हातात घेऊन एकेक पीस पाहिलं. माझ्या मुलाने स्वतः केलेत असं मी पाच-सहा जणांना सांगितलं. बाबा म्हणतात वीस-पंचवीस जणांना.

नेम कसा लागतो ते इतक्यात विचारू नकोस. नवी चप्पलसुद्धा चार दिवस चावते.

एक सहज विचारते. माझ्यासाठी नाही, माझ्या शेजारी उभी राहते त्या बाईसाठी. समज, बाण धनुष्याच्या मानाने कडक पडले, तर धनुष्यच जड घेतलं की भागतं ना? ती बिचारी काळजीत आहे.

आणि तो फोटो काढून ठेवलास तरी चालेल. उगीच धूळ बसते.

माया तर आहेच, ती काय लिहून दाखवायची!

आई


ता. १९ डिसेंबर

चि. टिल्लू यास बाबांचे आशीर्वाद.

आई भाजी आणायला गेली आहे, तेवढ्यात लिहितो. तिला सांगू नकोस.

तिचं धनुष्य बावीस पौंडांचं आहे. छत्तीस तिने रागाच्या भरात ठोकून दिलं. मी तेव्हाच खोकलो होतो, तुला समजायला हवं होतं.

तुझे बाण सगळे डावीकडे जातात. परवा एक तर शेजारच्या डॉक्टरीणबाईंच्या निशाणाच्या कागदावर जाऊन बसला. शिट्टीबाईंच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी हॉलचे जुने बाण वापरायला सांगितलं, तर हिने साफ नकार दिला. माझ्या मुलाने हाताने केलेत, मारीन तर हेच मारीन, नाहीतर घरी जाईन, असं भर हॉलमध्ये म्हणाली. आता बाणांना साजेसं व्हावं म्हणून हॉलमधलं तीस पौंडांचं धनुष्य ओढायला लागली आहे. उजवा खांदा सुजलाय. शेक घेते आणि मला सांगते की कपाट सरकवलं. कपाट जागच्या जागी आहे.

तिला खोटं पडायची भीती नाही रे. तू फोटो लावलास, चार लोकांत सांगितलंस, आता तिच्यामुळे तुझी मान खाली जाईल ही भीती आहे. तुझ्या पत्रातला तो फोटोचा मजकूर तिने मला तीन-चारदा वाचून दाखवला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिची जागा जाणार हे मला स्पष्ट दिसतंय. काय करायचं ते तू कर, पण तिला कमीपणा येईल असं काही करू नकोस. जिन्यात पावलं वाजली, थांबतो.

बाबा


ता. २४ डिसेंबर

ती. आईस, सा. न. वि. वि.

आई, माझ्या हातून मोठी चूक झाली. नळ्यांचे गठ्ठे ठेवताना मी अदलाबदल केली. तुला गेलेले बाण भलत्याच कडक नळ्यांचे आहेत, चांगल्या पन्नास पौंडांना लागतील असे. ते डावीकडे जात असले तर दोष माझा, तुझा काडीचा नाही. ते वापरणं आजच बंद कर. मालकांनाही मी चूक सांगितली आहे.

दुसरे बाण आजच जलद टपालाने पाठवतो आहे. हे थोडे बारीक, थोडे लांब आणि मऊ आहेत. जाड नसल्यामुळे रेष सहज गाठणार नाहीत, तेवढी भिस्त आता तुझ्या नेमावर. पिसं तीच, दोन पिवळी आणि एक जांभळं.

तुझ्या शेजारच्या बाईंना सांग, धनुष्य आपल्या अंगाला बघून घ्यायचं आणि बाण धनुष्याला बघून. उलटं करायला गेलं की खांदा जातो, आणि खांदे आमच्या दुकानात मिळत नाहीत. त्यांना माझा नमस्कार सांग. त्या मला फार आवडतात.

राग न धरता लोभ ठेव.

टिल्लू


ता. २१ जानेवारी

चि. टिल्लू यास,

लबाडा! नळ्यांचे गठ्ठे बदलले म्हणे. शाळेत पेन्सिली उंचीप्रमाणे लावून ठेवणारं कार्टं तू. गोळी गिळली म्हणून थापा मारणारे शेकड्यांनी पेशंट पाहिलेत मी. पत्र वाचलं, घडी केली आणि तुझ्या बाबांसमोर नुसती उभी राहिले. मी एक शब्द बोलायच्या आत त्यांनी सगळं कबूल केलं.

मग मात्र मला रडू आलं. माझी बढाई झाकायला तू तुझ्या कामाला बट्टा लावून घेतलास, आणि तेही मालकांसमोर. तिरकं पीस खरवडून काढणारा माझा मुलगा! ते मला गिळता येईना. मालकांना आधी खरं काय ते सांग. फोटोखाली बावीस लिही. कुणी हसलं तर माझ्याकडे पाठव.

नवे बाण आले त्या दिवशी पहिले तिन्ही निशाणाच्या मधल्या पिवळ्या गोलात, एकमेकांना खेटून! शिट्टीबाईंनी शिट्टी न फुंकताच तोंडातून काढली. जड धनुष्य परत केलं, खांदा आता दुखत नाही आणि जागा माझीच राहिली. ब्युटीपार्लरवालीने मोठ्या मनाने माझे केस फुकट कापून दिले.

काल सामना झाला. सुरुवातीला एका टेबलाशी साहित्य तपासतात. तिथला माणूस प्रत्येकीला पौंड विचारून कागदावर लिहीत होता. माझ्या पुढे दुसऱ्या हॉलच्या तरण्या पोरी होत्या. चौतीस, अडतीस असे आकडे येत होते. मागे आमच्या दोघी, बाजूला बघे. हळू आवाजात सांगून सटकता आलं असतं. पण वॉर्डात पुढच्या पेशंटला हाक मारायचे ना, तसा आवाज लावून मी बावीस असं सांगितलं. त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली, म्हणून त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, आणि न विचारता वयही सांगितलं.

हरलो रे आम्ही. एकाच गुणाने. माझा शेवटचा बाण रेषेच्या केसभर बाहेर बसला. पंचांनी भिंग लावून पाहिलं आणि नऊ दिले. जाड असता तर दहा झाले असते, हे मलाही कळतं. पण तुझे ते जाड बाण माझ्या धनुष्यातून तिथवर पोचलेच नसते. आमच्या तिघींत सगळ्यात जास्त गुण माझे झाले, आणि त्यातला नऊ न् नऊ खरा आहे. आल्यापासून मी घरभर गात हिंडते आहे.

पुढच्या वर्षी चोवीसचं धनुष्य घ्यायचं म्हणते. तेव्हा नवे बाण लागतील. पण खाली तुझ्या बाबांची साक्षीदार म्हणून सही असल्याशिवाय माझा कुठलाही आकडा मानायचा नाही, ही सवय आतापासूनच लाव. आज सुरुवात करते, कागद त्यांच्याकडे देते.

तुझा अभिमान मला तुझ्या जन्मापासून आहे, फक्त पौंडांत सांगता येत नाही.

तुझी आई

साक्ष : बावीसच. चष्मा लावून धनुष्यावर स्वतः वाचलं आहे. ती टेबलाशी उभी राहून बावीस म्हणाली तेव्हा मी बाकावरून उठून टाळ्या वाजवल्या. सामना अजून सुरूही झाला नव्हता. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी वाजवतच राहिलो. — बाबा