‘जोल’ची दुरुस्ती

मी, कोकिळा बाळाजी राऊत, वय २६, अविवाहित, राहणार रेवदंडा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वहस्ते लिहिते. दुखणे क्षयाचे आहे. बुद्धी शाबूत आहे. पडून लिहिते, म्हणून अक्षर वाईट.

कलम १. माझ्या शिक्षणासाठी आई मनुबाई हिने पाटल्या मोडल्या. माझ्या कुड्या तिला द्याव्यात. त्याने भरपाई होत नाही, हे मला कळते.

कलम २. कपडे, अंथरूण जाळावे. नीराबाई आत्याने “बुकं वाचून पोरीची छाती पोखरली” असे गावभर सांगितले. तिला माझा चष्मा द्यावा. हे रागाने लिहिले आहे. तरी खोडत नाही.

कलम ३. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. घरची बोली आणि परीक्षेची इंग्रजी यांच्यामध्ये मी फार धडपडले. म्हणून पुढे मुंबईत पाच वर्षे कॉलेजच्या मुलामुलींना निबंध लिहायला मदत केली. कोणी घरी आगरी बोले, कोणी उर्दू, कोणी गुजराती. आधी आपल्या बोलीत लिहून आणायचे, मग दोघांनी बसून इंग्रजी करायची, अशी रीत होती. माझे शब्दकोश व वह्या माझी विद्यार्थिनी रतन हिला द्याव्यात. आता ती हे काम करते.

कलम ४. माझा विद्यार्थी धर्मा नामा म्हात्रे याने शिष्यवृत्तीसाठी आपल्या गावच्या खारजमिनीवर निबंध लिहिला. त्याच्या बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो, म्हणून मी त्याच्या कच्च्या प्रतीत ‘शाला’चे शाळा, ‘डोला’चे डोळा करीत गेले. त्याच ओघात ‘जोल’ दिसला. मी कोळीवाड्याशेजारी वाढलेली. मला जाळेच सुचले. बारा ठिकाणी मी ‘जाळे’ केले, आणि इंग्रजीतही तेच उतरले. जोल म्हणजे खाडीचे पाणी अडवणारा बांध फुटला की घरटी एक माणूस देऊन गावाने करायची दुरुस्ती. त्या दिवशी धर्मा तापाने घरी होता, म्हणून इंग्रजी मी एकटीने करून निबंध पाठवला. थांबून विचारायला हवे होते. मला एवढेही येत नाही असे त्याला वाटेल, म्हणून विचारले नाही.

परीक्षकांनी शेरा दिला: “लेखकाने खारजमीन पाहिलेलीच नाही. निबंध दुसऱ्याचा.” धर्माचे नाव कॉलेजातून कमी झाले. त्याने माझे नाव सांगितले नाही. पदवी जाईल या भीतीने मीही दीड वर्ष गप्प राहिले. तो आता मिठागरात मीठ ओढतो. त्याची मूळ प्रत आणि माझे कबुलीपत्र ट्रंकेत आहेत. माझ्या मृत्यूनंतर भाऊ येसाजीने ती विद्यापीठात द्यावीत, म्हणजे धर्माला फेरअर्ज करता येईल.

येथवर साक्षीदारांना वाचून दाखवले. साक्षीला धर्माची आई आवडाबाई आली आहे. तिने विचारले, “फेरअर्जाची मुदत कवा सरतं?”

“या महिन्याअखेर,” मी सांगितले.

“मंग बाय, तू लवकर मरावीस म्हनून मी देवाला नवस करू काय?”

येसाजी तिच्यावर ओरडला. मी त्याला गप्प केले. तिने खोटे काय विचारले?

कलम ४ मधील शेवटचे वाक्य रद्द. येसाजी पत्र उद्याच्या आगबोटीने नेईल. पत्रात माझे नाव शेवटी होते. नवी प्रत करून ते पहिल्या ओळीत घातले आहे. विद्यापीठाला मला काही विचारायचे असल्यास मी अजून हयात आहे व याच पत्त्यावर आहे.

सही: कोकिळा बाळाजी राऊत

साक्षीदार:
१. बाबाजी येसू नाईक, शेजारी (सही)
२. आवडाबाई नामा म्हात्रे (डाव्या हाताचा अंगठा)

रेवदंडा, ता. ९ फेब्रुवारी १९३५