मला पाडणाऱ्या मौलालीबद्दल तक्रार

ती. साडूभाऊ गणपतराव यांस,

मंगळवार पेठेतून जोतीरामचा नमस्कार. (बसूनच घालतो आहे, उजवा पाय प्लास्टरमध्ये आहे.) आक्कांची साखर आटोक्यात आहे ना, तुमचा गुडघा जिना चढू देतो का, आणि उसाला तोड आली का, ते कळवा. फोनच करणार होतो, पण माझा फोन फुटला, आणि शालूच्या फोनवरून बोलायचं तर ती शेजारी बसून माझी वाक्यं दुरुस्त करते. शिवाय मला जाब विचारायचा आहे आणि तो लेखी असलेला बरा. तुम्हालाच का, तर मला पाडणारा माणूस तुमच्या कागलचा आहे.

झालं ते असं. गिरणीतून जोंधळ्याचं दळण घेऊन मी मोटरसायकलवरून घरी निघालो होतो, पिठाची पिशवी पुढं टाकीवर. वळणावर रीतसर उजवा हात दाखवला. मागून मौलाली नावाचा तिशीतला गडी येत होता. त्याला वाटलं, ह्यांना कोणीतरी ओळखीचं दिसलं, हात करतायत. (हे त्यानंच मला नंतर सांगितलं, तेही हसत.) त्यानं गाडी घातली ती थेट माझ्यावर. मी रस्त्यावर आणि पीठ माझ्यावर. गर्दीतला एकजण ओरडला, "म्हातारं पांढरंफटक पडलंय, रगात आटलं बघा." ते जोंधळ्याचं आहे, हे सांगायला तोंड उघडलं तर त्यातही पीठ.

आता अपघातानंतर काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पाटबंधारे खात्यात असताना रस्ता सुरक्षेचं व्याख्यान मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं आहे. जखमीला उगाच हलवू नये, हेल्मेट ओढून काढू नये, गाड्यांचे फोटो काढावेत, नंबर टिपावा, साक्षीदारांची नावं घ्यावीत, रुग्णवाहिका बोलवावी, पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवावं. पण हे आपल्याकडं कोणी करू देईल तर ना. मला उचलून सावलीत नेलं, तिथं मुंग्या निघाल्या म्हणून पुन्हा उचलून दुसरीकडं नेलं. एकानं हेल्मेट उपसलं, दुसरा त्यातच प्यायला पाणी घेऊन आला. फोटोसाठी फोन मागितला तर तो रिक्षाच्या चाकाखाली. साक्षीदार कोण, म्हणून विचारलं तर सगळ्यांचे हात वर. प्रत्यक्ष बघितलेलं एकानंही नव्हतं, सगळे आवाज ऐकून आलेले. रुग्णवाहिका बोलवा म्हणेपर्यंत मला त्याच रिक्षात घातलं होतं.

आणि हा मौलाली. धडक देणाऱ्या माणसानं पळून जायचं असतं, गणपतराव. तेवढं केलं असतं तर आपल्याला शिव्या तरी मोकळेपणानं देता आल्या असत्या. हा माझं डोकं मांडीवर घेऊन माझ्यापेक्षा मोठ्यानं रडत होता. दवाखान्यात नर्सनं विचारलं, पेशंटचे कोण, तर म्हणाला, भाचा. तेव्हापासून मला मामा म्हणतो आणि शालूला मावशी. (म्हणजे आम्ही दोघं बहीणभाऊ झालो. शालूला हे दाखवून दिलं तर म्हणाली, असू दे की, पोरगं गुणाचं हाय.)

तक्रार देणारच, असं मी बजावलं. तर रिक्षा तोच घेऊन आला. "चला की मामा, दिलीच पायजे." चौकीत हवालदारांनी विचारलं, तक्रार कुणाविरुद्ध? मी बोट दाखवलं. त्या वेळी मौलाली माझा प्लास्टरचा पाय स्वतःच्या मांडीवर धरून बसला होता. हवालदारांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"काका, ह्याला आत घेतला तर तुमचा पाय कोण धरणार? आधी च्या घ्या."

चहा झाला. तक्रार राहिली.

कोल्हापुरात त्याचं गाड्यांच्या सीट शिवायचं दुकान आहे, त्यामुळं रोज इकडं येणं आहेच. येताना आईनं केलेलं बकऱ्याच्या पायाचं सूप डब्यातून आणतो आणि मी संपवेपर्यंत समोरून हलत नाही. परवानगी न घेता आमच्या सोफ्याला लाल रेक्झिन चढवलं. आता पाहुणा बसला की बोलता बोलता पुढं सरकत जमिनीवर येतो. गल्लीतले लोक माझी तब्येत मला न विचारता त्याला विचारतात. परवा मी चिडून म्हणालो, "तुझ्यामुळं मी असा पडलोय, कळतंय का?" तर उशी सारखी करत म्हणाला, "व्हय की मामा. म्हणून तर येतोय." मोडलेला पाय माझा, सांडलेलं पीठ माझं, आणि साधं रागवायची सोय नाही. तुमच्या गावची माणसं अशी का, ह्याचा खुलासा मला उलट टपाली पाहिजे.

आक्कांना नमस्कार.

आपला,
जोतीराम

ता. क. हे पत्र मौलालीच्याच हाती पाठवणार होतो (पाकीट नीट चिकटवून). पण त्या बोलण्यानंतर तो आलेला नाही. दुकान बंद आहे, शालूचा फोन उचलत नाही. तुम्ही सहज म्हणून त्याच्या घरावरून जा आणि बरा आहे का बघा. मी पाठवलं असं सांगू नका.

ता. क. २. डॉक्टर काल म्हणाले, हाड छान जुळलं, सोमवारी प्लास्टर काढू. हे त्याच्या घरी बोलू नका. विचारलंच, तर म्हणावं, अजून बरंच कच्चं आहे.