महिपतीची पकड

३ फेब्रुवारी
लोणी काळभोरजवळच्या कारखान्यात आज रुजू झाले. विश्रांतवाडीहून दोन बस बदलाव्या लागतात, पण प्रयोगशाळा माझ्या एकटीची आहे, त्यामुळे तक्रार नाही. इथे वितळलेल्या प्लास्टिकमध्ये रबर घोळतात आणि त्यात पेरॉक्साइड टाकतात. ते रबराच्या रेणूंच्या साखळ्यांना गाठी मारतं. त्या गाठी पुन्हा सुटत नाहीत, तरी माल हाताला मऊ लागतो. कारखान्याचे व्यवस्थापक आनंदसर यांनी या मालाची पकड असलेलं पेन दिलं, बाबांच्या काठीसाठी मूठही दिली. पुण्यात पहिल्याच दिवशी एवढं औदार्य म्हणजे जरा संशयच यावा.

५ फेब्रुवारी
मालाच्या वड्या लोखंडी पट्ट्यांत दाबून बावीस तास भट्टीत ठेवायच्या, मग सोडून किती परत फुगतात ते मोजायचं. आज काढलेली वडी मुळात होती त्याहून जाड निघाली. माझंच काही चुकलं असणार. पुन्हा लावली.

६ फेब्रुवारी
पुन्हा जाड. वर अंगठ्याचा ठसा, त्यावर आडवा व्रण. माझ्या अंगठ्याला व्रण नाही.

७ फेब्रुवारी
मशीनवरच्या द्वारकाबाईंना वडी दाखवली. त्यांनी व्रणावरून बोट फिरवलं. महिपतीचा हाय, म्हणाल्या. गेल्या वर्षी अडकलेला गोळा ढकलताना महिपतीचा हात मिक्सरमध्ये गेला. बाईंनी त्याचा दुसरा हात धरून ठेवला होता. सोडू नको म्हनत हुता, पर बटन दाबाया सोडला म्यां. महिपती गेला.
त्या दिवसाचा माल फेकला का, असं विचारलं. इथे काही फेकत नाहीत, म्हणाल्या. भंगार दळून पुढच्या घाण्यात घालतात, त्याचं भंगार त्याच्या पुढच्या. म्हणजे तेव्हापासूनच्या प्रत्येक घाण्यात तो आहे. बाबांच्या मुठीतही—

८ फेब्रुवारी
आनंदसरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, आपण वाचन जरा कमी करा.
कारखान्यातूनच बाबांना घरी फोन केला, काठी वापरू नका म्हटलं. ते म्हणाले, मूठ कोमट लागते, बरं वाटतं. मला फार भीती वाटते आहे.

९ फेब्रुवारी, सकाळ
रजा टाकली. बाबा खुर्चीत, काठी हातात. बोटं पांढरी पडलीत. मूठ ओढली— सुटत नाही. तेल लावलं. साबण—

सुरी आणली तर बाबांनीच हात मागे घेतला. तुझी आई गेल्यापासून असा हात कुणी धरला नव्हता, म्हणाले. राहू दे.

शेजारच्या डॉक्टरांना बोलवायला जायचंय, कधीचं. उठता येतं. चालताही येतं. पण अंगठा बधिर झालाय आणि लिहिणं थांबवावं म्हटलं तर हे पेन